बसून बसून पाय जड का होतात? लंडनच्या तळघरांपासून ऑफिसच्या खुर्चीपर्यंतची गोष्ट

"डॉक्टर, दिवसभर खुर्चीत बसून काम असतं. संध्याकाळी पाय जड होतात, चपलेचा पट्टा रुततो, मोजे काढले की घोट्यावर वळ दिसतो. पायापर्यंत रक्त पोहोचत नाही का?"

दवाखान्यात हा प्रश्न मला वरचेवर ऐकू येतो. विचारणारे कधी संगणकावर काम करणारे तरुण असतात, कधी बँकेतले कर्मचारी, कधी रात्रीचा बसप्रवास करून आलेल्या आजी. बहुतेकांची समजूत एकच असते, ती म्हणजे रक्त खाली पोहोचत नाही. खरं तर निरोगी माणसाच्या पायात रक्त अगदी व्यवस्थित पोहोचतं. हृदय ते ढकलतं आणि उताराचीही मदत असते. अडचण असते ती परतीच्या वाटेवर. खाली गेलेलं रक्त पुन्हा वर, हृदयापर्यंत यायचं असतं आणि तिथे ढकलायला हृदय पुरेसं नसतं.

हे वैद्यकशास्त्राला एकदम कळलं नाही. ते तुकड्यातुकड्याने कळलं आणि मधूनमधून विसरलंही गेलं. त्याची किंमत काही माणसांनी जिवाने मोजली. म्हणून आज औषधांबद्दल न बोलता ही गोष्टच सांगतो. ती कळली की संध्याकाळच्या जड पायांचं काय करायचं, हे वेगळं सांगावं लागणार नाही.

लंडन, १९४०

७ सप्टेंबर १९४० पासून जर्मन विमानांनी लंडनवर सलग ५७ रात्री बॉम्बफेक केली. भोंगा वाजला की लोक घरं सोडून तळघरांत, सार्वजनिक आश्रयस्थानांत, भुयारी रेल्वेच्या स्थानकांत उतरायचे. सप्टेंबरच्या अखेरीस एका रात्री तर जवळजवळ पावणेदोन लाख माणसं भुयारी स्थानकांत झोपली होती. झोपली म्हणायचं इतकंच. अनेकांना आडवं व्हायला जागाच नसायची. काहींनी घरून घडीच्या कापडी आरामखुर्च्या आणल्या होत्या, समुद्रकिनाऱ्यावर वापरतात तशा. त्यात बसूनच रात्र काढायची.

त्या काळात कीथ सिम्प्सन नावाचे एक तरुण डॉक्टर लंडनमध्ये शवविच्छेदनाचं काम करत होते. पुढे ते न्यायवैद्यकातलं मोठं नाव झाले. बॉम्बने मेलेल्यांबरोबर त्यांच्या टेबलावर आणखीही काही माणसं येत होती. त्यांच्या अंगावर जखम नव्हती, भाजल्याची खूण नव्हती, छातीवर ढिगारा पडलेला नव्हता. मृत्यूचं कारण फुफ्फुसात सापडायचं. रक्ताची मोठी गुठळी तिथल्या रक्तवाहिनीत अडकलेली असायची आणि ती तयार झालेली असायची पायात.

सिम्प्सन यांनी नोंदी तपासल्या. आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांच्या तुलनेत अशा मृत्यूंचं प्रमाण सुमारे सहापट झालं होतं. डिसेंबर १९४० मध्ये त्यांनी 'लान्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे निरीक्षण छापलं. त्यांचं बोट त्या आरामखुर्चीकडे होतं. त्या खुर्चीला पुढच्या बाजूला लाकडी दांडी असते. कापड खाली झोळतं, माणूस आत रुततो आणि सगळा भार त्या दांडीवर, म्हणजे मांडीच्या मागच्या बाजूला येतो. तिथल्या शिरा दाबल्या जातात, खाली पाय लोंबतात आणि असे तासन् तास जातात. बॉम्बपासून वाचायला आलेली माणसं न हलता बसून राहिल्यामुळे दगावत होती.

खुर्चीऐवजी आडवं होण्याची सोय हवी, हा त्यातून निघणारा साधा निष्कर्ष होता. त्या हिवाळ्यात आश्रयस्थानांत बंक बसवले गेले. त्यामागे गर्दी, स्वच्छता, झोप अशी बाकीही कारणं होती. पण पायांच्या दृष्टीनेही ते योग्यच झालं.

झडपांचं कोडं

रात्रभर बसल्याने गुठळी का व्हावी? याचं उत्तर समजायला आपल्याला तीनशे वर्षं मागे, इटलीतल्या पादुआ विद्यापीठात जावं लागेल.

तिथले शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक फॅब्रिशियस यांनी १६०३ साली शिरांमधल्या झडपांवर एक पुस्तक छापलं. शीर उभी चिरली की आत ठरावीक अंतरावर पातळ, खिशासारख्या झडपा दिसतात. त्यांनी त्या नीट पाहिल्या, त्यांची चित्रं काढली. अर्थ मात्र चुकीचा लावला. रक्त शिरांमधून हातापायांकडे जातं, असं तेव्हा मानत. त्यामुळे रक्ताचा लोंढा एकदम पायात उतरू नये म्हणून या झडपा आहेत, असं त्यांना वाटलं.

त्यांच्याकडे शिकून गेलेल्या विल्यम हार्वे या इंग्रज विद्यार्थ्याने पुढे १६२८ मध्ये रक्ताभिसरणावरचं प्रसिद्ध पुस्तक छापलं. त्यातला एक प्रयोग तुम्हीही घरी करू शकता. दंडाला हलकं फडकं बांधा. हाताच्या शिरा फुगतील. एका शिरेवर बोट दाबून दुसऱ्या बोटाने रक्त खांद्याच्या दिशेने सरकवा. शिरेचा तेवढा भाग रिकामा होईल आणि रिकामाच राहील. वरून रक्त खाली उतरणार नाही, कारण मध्ये झडप आहे. झडपा रक्ताला अडवतात त्या परत फिरण्यापासून. हृदयाकडे जायला त्यांची आडकाठी नाही. सगळी वाहतूक एकेरी आहे.

पण एकेरी रस्ता असला तरी गाडी ढकलायला कोणी लागतंच. पायात हे काम पोटरीचे स्नायू करतात. पोटरीच्या आत खोलवर मोठ्या शिरा आहेत. आपण पाऊल टाकतो तेव्हा पोटरी आवळते, शिरा पिळल्या जातात, रक्त वर उसळतं. पोटरी सैल पडते तेव्हा वरची झडप मिटते, वर गेलेलं रक्त तिथेच थांबतं आणि खालून नवं रक्त भरतं. विहिरीच्या हातपंपासारखंच हे. म्हणूनच पोटरीला दुसरं हृदय म्हणतात. स्तब्ध उभ्या माणसाच्या पावलाच्या शिरेत पाऱ्याच्या ९० मिलिमीटरच्या आसपास दाब असतो. तोच माणूस चालू लागला की काही पावलांतच हा दाब ३०च्या आसपास उतरतो.

छातीतल्या हृदयाला तुम्ही थांबा म्हटलं तरी ते थांबत नाही. हे दुसरं हृदय मात्र तुम्ही बसलात की थांबतं. पंप बंद, वर गुडघ्यात आणि जांघेत शिरा वाकलेल्या, खाली उतार. मग शिरांतला दाब वाढतो, रक्तातलं पाणी आजूबाजूच्या मांसात झिरपतं आणि घोट्याला सूज येते. मोज्याचा वळ उठतो तो त्यामुळे.

कारागिरांचे पाय

हार्वेनंतर सत्तरेक वर्षांनी, १७०० साली, इटलीतल्याच मोदेना इथे बर्नार्दिनो रामाझिनी या डॉक्टरांनी कामगारांच्या आजारांवर पुस्तक छापलं. रुग्णाला नेहमीचे प्रश्न विचारून झाले की 'तुझा धंदा काय?' हेही विचारावं, असं सांगणारे हे डॉक्टर. त्यांच्या पुस्तकात बसून काम करणाऱ्या कारागिरांवर स्वतंत्र भाग आहे. पाय दुमडून शिवत बसणाऱ्या शिंप्यांचे पाय बधिर होतात, लंगडेपणा येतो, हे त्यांनी नोंदवलं. निदान सुटीच्या दिवशी तरी अंग हलवा, असा सल्लाही दिला.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण रुग्णांचा यात गोंधळ होतो. मांडी घालून बसल्यावर पायाला येणाऱ्या मुंग्या हा बहुतेक वेळा नस दाबल्याचा परिणाम असतो. पाय मोकळा केला की थोड्या वेळात त्या जातात. त्या म्हणजे गुठळी नव्हे. शिंप्यांचे बधिर पाय आणि लंडनमधले मृत्यू यांच्यात बैठक समान आहे, आजार वेगळे आहेत.

गुठळीचं कोडं सुटायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं. जर्मनीच्या रुडॉल्फ विर्शो यांनी दाखवलं की फुफ्फुसात सापडणारी गुठळी तिथे तयार झालेली नसते. ती पायाच्या शिरेत धरते, सुटते आणि रक्ताबरोबर वाहत हृदयातून फुफ्फुसात जाऊन अडकते. १८५६ साली त्यांचे यावरचे लेख एकत्र छापले गेले. गुठळी का होते, याची तीन कारणं आजही त्यांच्याच नावाने शिकवली जातात. रक्त संथ होणं, रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला इजा होणं आणि रक्ताचाच गोठण्याकडे कल वाढणं. शस्त्रक्रिया, बाळंतपण, कर्करोग, गर्भनिरोधक गोळ्या, काही आनुवंशिक दोष यांत तिसरं कारण प्रबळ असतं. बसून राहणारा माणूस पहिलं कारण आपल्या हाताने पुरवतो.

बोस्टनचे सर्जन आणि नाटकाचं तिकीट

लंडनचा धडा युद्धाबरोबर मागे पडला. तो भुयारी आश्रयस्थानांचा आजार समजला गेला आणि आश्रयस्थानं बंद झाली तसा विसरला गेला.

१९५४ मध्ये बोस्टनचे सर्जन जॉन होमन्स यांनी तो पुन्हा समोर आणला. पाऊल वर वाकवल्यावर पोटरी दुखते का, हे पाहण्याची 'होमन्सची खूण' आम्ही सगळे डॉक्टर विद्यार्थीदशेत शिकलो. आता तिच्यावर फारसं विसंबत नाहीत. पण त्यांचा १९५४ चा छोटासा लेख मला त्या खुणेपेक्षा मोलाचा वाटतो. विषय होता दीर्घकाळ बसल्यामुळे पायाच्या खोल शिरांत होणारी गुठळी. रुग्णांपैकी एक होते स्वतः डॉक्टर, वय ५४, चौदा तासांच्या विमानप्रवासानंतर पाय सुजलेले. काही रुग्ण लांबच्या मोटारप्रवासानंतरचे होते. आणि एकाचा आजार सुरू झाला होता नाट्यगृहात बसल्यानंतर.

हा नाट्यगृहातला रुग्ण महत्त्वाचा आहे. विमान, मोटार आणि नाट्यगृह यांत हवा वेगळी, उंची वेगळी, खुर्चीही वेगळी. समान एकच होतं, गुडघे वाकवून न हलता बसणं.

नावाने केलेली दिशाभूल

पण पुढे नाव पडलं ते विमानावरून. १९७७ मध्ये सिमिंग्टन आणि स्टॅक या डॉक्टरांनी प्रवासानंतर फुफ्फुसात गुठळी झालेल्या रुग्णांवर लिहिताना 'इकॉनॉमी क्लास सिंड्रोम' हा शब्द वापरला. १९८८ मध्ये तो 'लान्सेट'मधल्या एका लेखाच्या शीर्षकात आला. २००० साली ऑस्ट्रेलियाहून परतलेल्या एका तरुण ब्रिटिश प्रवासी स्त्रीचा लंडनला उतरल्यावर असा मृत्यू झाला आणि हा शब्द जगभरच्या वर्तमानपत्रांत पोहोचला.

नाव चटपटीत होतं, पण त्याने दोन चुकीच्या गोष्टी लोकांच्या मनात ठसल्या. एक, हा विमानाचा आजार आहे. दोन, महागडं तिकीट काढलं की सुटका आहे.

२००६ आणि २००७ मध्ये मोठे अभ्यास प्रसिद्ध झाले. त्यातला एक जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रकल्पाचा होता. चार तासांहून अधिक प्रवासाने गुठळीचा धोका साधारण दुप्पट होतो, असं त्यांत आढळलं. आणि तो विमानाइतकाच बस, रेल्वे आणि मोटारीतही वाढतो. पुढे तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांमध्येही स्पष्ट झालं की इकॉनॉमी वर्गाच्या आसनाला दोष देण्याइतका पुरावा नाही. खिडकीजवळ बसून जागेवरून न उठणाऱ्यांना मात्र धोका जास्त दिसतो.

दुप्पट हा शब्द ऐकून घाबरू नका. मूळ धोकाच लहान आहे. निरोगी माणसांत चार तासांहून लांब अशा सुमारे ६००० विमानप्रवासांमागे एकाला गुठळी होते, असा त्या प्रकल्पाचा अंदाज आहे. पण तुमच्यात विर्शोंचं तिसरं कारण आधीच हजर असेल, तर हिशेब बदलतो.

या अभ्यासांतली आणखी एक नोंद मला आपल्याकडच्या स्त्रियांसाठी महत्त्वाची वाटते. १९० सेंटिमीटरपेक्षा उंच प्रवाशांना धोका जास्त होता, कारण त्यांचे पाय कोंबले जातात. पण विमानात १६० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्यांनाही तो जास्त होता. त्यांचे पाय जमिनीला टेकत नाहीत आणि आसनाची कड मांडीच्या मागे रुतते. म्हणजे लंडनच्या आरामखुर्चीची ती लाकडी दांडीच पुन्हा. आपल्याकडे १६० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या कितीतरी स्त्रिया आहेत आणि ऑफिसच्या खुर्चीतही अनेकींची तीच अवस्था असते.

संगणकासमोरचा तरुण

२००३ मध्ये न्यूझीलंडच्या डॉक्टरांनी एका ३२ वर्षांच्या पुरुषाची हकिकत छापली. तो ना विमानात बसला होता, ना मोटारीत. तो संगणकासमोर रोज साधारण बारा तास, कधी कधी अठरा तासही बसायचा. मध्ये तास-दोन तास उठायचाही नाही. आधी पोटरी सुजली, दुखली आणि आपोआप बरी झाली. नंतर दम लागू लागला, तो वाढत गेला आणि एक दिवस त्याची शुद्ध हरपली. पायातल्या गुठळ्या फुफ्फुसात पोहोचल्या होत्या. सुदैवाने तो वाचला. डॉक्टरांनी याला 'ई-थ्रॉम्बोसिस' असं नाव दिलं.

म्हणजे पुन्हा एक नवं नाव. आधी आश्रयस्थान, मग इकॉनॉमी क्लास, आता संगणक. दर पिढीने आपापल्या खुर्चीला दोष दिला आणि ती खुर्ची बदलली की धडाही तिच्याबरोबर गेला. पोटरी मात्र तीच राहिली आणि तिची मागणीही. मला हलव, एवढीच.

'पाय हलवू नकोस!'

आपल्या घराघरांत मुलांना बसल्या बसल्या पाय हलवले की ओरडा बसतो. अशुभ असतं, लक्ष्मी टिकत नाही, असं सांगितलं जातं. मीही हे ऐकत मोठा झालो.

२०१६ मध्ये अमेरिकेतल्या मिसूरी विद्यापीठातल्या संशोधकांनी नेमका हाच प्रयोग केला. ११ निरोगी तरुण-तरुणींना तीन तास बसवलं. एक पाय स्थिर ठेवायचा, दुसरा एक मिनिट हलवायचा आणि चार मिनिटं थांबायचं, असं शेवटपर्यंत. तीन तासांनी गुडघ्यामागच्या रोहिणीची तपासणी केली. स्थिर ठेवलेल्या पायातल्या रोहिणीची प्रसरण पावण्याची क्षमता घटली होती. हलवलेल्या पायात ती सुधारली होती. माणूस एकच, खुर्ची एकच, तीन तास तेच.

हा प्रयोग लहान आहे आणि तो रोहिणीवरचा आहे, शिरांतल्या गुठळीवरचा नाही, हे मान्य. पण दिशा तीच दाखवतो. तेव्हा आजीचा मान राखून सांगतो, पाय हलवा.

मग करायचं काय?

• दर अर्ध्या-पाऊण तासाने उठा आणि दोन-तीन मिनिटं चाला. पाण्याची बाटली टेबलावर न ठेवता लांब ठेवली की आपोआप उठणं होतं.

• उठता येत नसेल तर बसल्या जागी टाचा टेकवून चवडे वर उचला, मग चवडे टेकवून टाचा उचला. असं वीस-तीस वेळा. पोटरी आवळल्याचं जाणवलं पाहिजे.

• पाय जमिनीला टेकत नसतील तर खाली पाट किंवा लहान स्टूल ठेवा. खुर्चीची कड गुडघ्यामागे रुतू देऊ नका.

• रात्रीच्या बसमध्ये पायाखाली सामान कोंबू नका. गाडी थांबली की खाली उतरा. झोपेची गोळी घेऊन एकाच स्थितीत आठ तास पडून राहू नका.

• पूर्वी गुठळी झाली असेल, नुकती शस्त्रक्रिया किंवा बाळंतपण झालं असेल, कर्करोगावर उपचार चालू असतील किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील, तर लांबच्या प्रवासाआधी डॉक्टरांशी बोला. दाबाचे लांब मोजे अशांना उपयोगी पडतात. पण पायाच्या रोहिण्या अरुंद झालेल्यांना ते घातक ठरू शकतात, म्हणून विचारूनच घ्या. मनाने ॲस्पिरिन सुरू करू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दोन्ही पाय संध्याकाळी थोडे सुजतात आणि सकाळी उतरतात, हे बहुधा बसण्याचं दुखणं असतं. पण एकच पाय सुजला, पोटरी दुखते, गरम किंवा लालसर लागते, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. सोनोग्राफीच्या डॉपलर तपासणीत गुठळी आहे की नाही ते कळतं. तोवर त्या पोटरीला तेल लावून चोळू नका, मालिश करू नका. आपल्याकडे दुखऱ्या पोटरीवर पहिला उपाय हाच होतो. गुठळी असेल तर चोळल्याने ती सुटू शकते. आणि अचानक दम लागला, श्वास घेताना छातीत दुखलं, खोकल्यातून रक्त पडलं किंवा चक्कर येऊन पडायला झालं, तर वाट न पाहता थेट मोठ्या रुग्णालयात जा. त्या न्यूझीलंडच्या तरुणाची पोटरी आपोआप बरी वाटली होती, हे विसरू नका.

लंडनच्या त्या तळघरांत माणसांना हलायला जागा नव्हती, वर बॉम्ब पडत होते. त्यांचा नाइलाज होता. आपल्याला मात्र उठायला कोणी अडवलेलं नाही. हा लेख वाचताना तुम्ही किती वेळ बसून आहात? आता उठा आणि घरातल्या घरात एक फेरी मारून या.